आठशे चाळीस ग्रॅमची मशाल

१० जानेवारी, सोमवार

ही वही बाईने दिली. बाई म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे सगळं गाव तिला बाई म्हणतं आणि गावाबरोबर मीही. म्हणाली, "एवढं मोठं काम आलंय, रोज चार ओळी लिहा. राग आला की माणसांवर काढू नका, कागदावर काढा."

"वाचणार कोण?"

"तुम्हीच. नंतर."

काम असं. येत्या जुलैत आपल्याकडे बावीस देशांच्या मैदानी स्पर्धा आहेत. त्याआधी देशभर मशाल फिरणार. त्यासाठी लागणाऱ्या साडेसहाशे मशाली आमच्या कारखान्यात व्हायच्या आहेत. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक प्रेस, वेल्डर, मी आणि काम वाढलं की बोलावलेली चार माणसं. आजवर आम्ही कंदील आणि शेगड्यांचे बर्नर केले. आमचा बर्नर वाऱ्यात विझत नाही, त्या एका गुणावर आमची निवड झाली. वेल्डर म्हणाला, "म्हणजे शेगडी उभी धरून पळायचं, एवढंच ना?" हसलो, पण छाती फुगली होती हे खरं.

सोमवार म्हणून काटा तपासला. ही मला लेथ शिकवणाऱ्या वस्तादांची शिस्त. आठवडा सुरू करायच्या आधी पितळेचं एक किलोचं वजन काट्यावर ठेवून बघायचं. म्हणायचे, "भरवसा वजनावर ठेव, काट्यावर नको. काटा कधी बिघडतो ते तो सांगत नाही." चाळीस वर्षांत एक सोमवार चुकवला नाही.

२४ जानेवारी, सोमवार

समितीने डिझायनर पाठवला. काटकुळा, कानामागे पेन्सिल, बोलताना ती काढून हवेत रेघा मारतो. वेल्डरने पाच मिनिटांत त्याचं नाव पेन्सिल ठेवलं. माणूस बरा आहे, पण आयुष्यात पत्र्याने हात कापला नसावा.

त्याने आणलेला नमुना गॅसच्या कुपीसकट चौदाशे पन्नास ग्रॅम भरला. दिसायला झकास, धरायला मुसळ. प्रत्येकाने ती घेऊन दोनशे मीटर जायचं. गॅस बारा मिनिटांचा, म्हणजे साठ ग्रॅम. आत दोन ज्योती. बाहेरची पिवळी, लोकांनी बघायची. आतली निळी, कोनाड्यात लपलेली. वाऱ्याने बाहेरची गेली की आतली तिला पुन्हा पेटवते. दिवसाउजेडी ती आतली दिसतही नाही. हा भाग माझा.

मोठा पंखा लावून चाचणी घेतली तर दोन्ही विझल्या. वेल्डरने खिशातून लायटर काढला तसा पेन्सिल किंचाळलाच. खऱ्या मशालीला काडी नाही, लायटर नाही. पहिली ज्योत आरशाने उन्हावरून घेतात. ती एका कंदिलात ठेवून मागच्या गाडीतून नेतात. मशाल विझली तर फक्त त्या कंदिलावरून पेटवायची.

वेल्डर म्हणाला, "म्हणजे आगीलापण खानदान असतं."

३० जानेवारी, रविवार

बाईने आज मशाल धरून बघितली. कल्पना माझीच. मशाल कुणाकुणाच्या हातात जाणार, म्हातारे, पोरं, अधू माणसं. मग धरून बघायला खात्रीचा हात हवा. बाईने एकेकाळी गोळाफेकीत कप आणलेत. साठीतसुद्धा लोणच्याच्या बरणीचं झाकण घरात तिच्याशिवाय कुणाला उघडत नाही. तिला जड वाटलं तर जगाला जड, हा माझा हिशेब.

आमच्या मागच्या गल्लीत पाण्याची टाकी ते बेकरीचं फाटक बरोबर शंभर मीटर. आमचं दार मधोमध; दारातून टाकी, तिथून बेकरी आणि परत दारात, म्हणजे दोनशे. बाई शिट्टी गळ्यात घालूनच आली. तिने हात वर ठेवून चालायचं, मी घड्याळ लावायचं. साडेतीन मिनिटं. येताना बेकरीपासून जराशी पुढे आली आणि हात छातीशी घेतला.

"कशी आहे?"

"जड आहे."

वहीत लिहिलं. पत्रा पातळ करावा लागणार.

३ फेब्रुवारी, गुरुवार

समितीचं पत्र आलं. मशाल तीन जुलैला आपल्या गावातून जाणार आणि त्यातली एक जागा कारखान्याला मिळणार. मी तिथल्या तिथे बाईचं नाव घातलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना पळवलं, आता हिची पाळी.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, उडी मारेल. ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मला बघून फोन ठेवला. म्हणाली, "तीन जुलै?" आणि बोटांवर महिने मोजले.

"मला आधी विचारायचं तरी."

"त्यात विचारायचं काय? लोक वशिले लावतात यासाठी!"

मग म्हणाली, "बरं. राहू दे नाव. बघू या."

बघू या म्हणे! माझं मन खट्टू झालं. एखाद्याला आनंद दाखवता येत नाही तो नाहीच.

२० फेब्रुवारी, रविवार

पत्रा पातळ केला, मूठ आतून पोकळ केली. बाराशे साठ ग्रॅम. बाईला साडेचार मिनिटं लागली, हात दोनदा खाली आला. जड.

वेल्डर म्हणतो, "मला तर हलकी वाटते बुवा." त्याला म्हटलं, तू बैल आहेस, तुझं काय सांगतोस.

नाश्त्याला बाईने मला गॅसची किल्ली, विम्याची पाकिटं, वाणसामानाचे डबे असं सगळं कुठे आहे ते दाखवलं. डब्यांवर कागद चिकटवलेत. मी म्हटलं, मला काय करायचंय? म्हणाली, निवृत्त माणसाला उद्योग हवा ना. घराचीही शाळा करून टाकलीय.

६ मार्च, रविवार

अकराशे. बर्नर पितळेचा होता तो पातळ स्टीलचा केला. तीन रात्री झोप लागली नव्हती तेव्हा हे सुचलं. पेन्सिल खूश. पंख्यापुढे तासभर जळली, होजने पाणी मारलं तरी जळली. वेल्डर नाचला.

बाई मात्र टाकीजवळ थांबली. टाकीला पाठ टेकून उभी राहिली, मशाल दोन्ही हातांत. चेहरा पांढरा पडला होता. मला स्वतःचाच राग आला. मुठीचा जाड भाग चुकीच्या जागी असणार, मनगटावर ताण येत असणार.

ती म्हणाली, "अहो, माझ्या हातावर जाऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी देऊन बघा."

"तुझ्यासारखा हात गावात नाही."

"होता," म्हणाली आणि हसली. शिट्टी फुंकून वेल्डरला पळवलं, तो बिचारा गल्लीच्या टोकापर्यंत पळाला.

१७ मार्च, गुरुवार

समितीच्या साहेबांशी भांडलो. बाराशे साठ ग्रॅमची मशाल त्यांना मान्य होती. इतर देशांच्या याहून जड असतात, तुमचा हट्ट कशाला, वेळ जातोय. मी सांगितलं, माझ्या घरात खात्रीचा काटा आहे आणि तो म्हणतोय जड. मग साहेब म्हणाले, वजनच कमी करायचं तर गॅस सहा मिनिटांचा ठेवा, दोनशे मीटरला चार मिनिटं पुरतात. म्हटलं, एखादा वाटेत थांबला तर? माणूस थांबला म्हणून ज्योतीनेही जायचं का? पेन्सिलने माझी बाजू घेतली. पोरगं कामाचं आहे.

बाई आज परत चष्मेवाल्याकडे गेली होती. एक आड एक गुरुवारी जाते. तिचा कसला एवढा नंबर बदलतो कोण जाणे. कोपराच्या आत पट्टी होती. विचारलं तर म्हणाली, "रक्त दिलं." या वयात रक्तदान! वेल्डरला अभिमानाने सांगितलं. तो नुसता हातमोजे झटकत राहिला.

२८ मार्च, सोमवार

काटा तपासला. लेथवरचा बल्ब गेलाय तो आठवडाभर बदलला नाही. बाई डबा द्यायला आली होती, म्हणाली, "जगाच्या मशाली करताय आणि इथे दिव्याखाली अंधार." लेक रजा टाकून आली आहे. मला कळवलंसुद्धा नाही. दोघी दिवसभर खोलीत बोलत असतात.

१० एप्रिल, रविवार

नऊशे साठ. आज लेकही गल्लीत होती. बाई चालताना ती बरोबर बाजूने चालत होती, हात पुढे करून, लहान मूल चालायला लागल्यावर आपण करतो तसा. मी ओरडलो, "बाजूला हो, वेळ चुकेल!" लेक माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परका माणूस आहे.

सात मिनिटं. एकदा थांबली.

बाईची अंगठी बोटातून पडली, गटाराच्या जाळीपाशी सापडली. म्हणाली, साबणाने सैल झाली. आता दोऱ्याने गुंडाळून घालते. मी सोनाराकडे नेतो म्हटलं तर नको म्हणाली.

संध्याकाळी गच्चीत बसलो होतो. तिने विचारलं, मशाल एकाकडून दुसऱ्याकडे देतात का? म्हटलं, नाही, प्रत्येकाची आपापली, नुसती ज्योत पुढच्याच्या मशालीला लावायची. ती म्हणाली, "म्हणजे ज्याची त्याच्याच हातात राहते. द्यायची ती फक्त ज्योत. छान आहे." मला तोवर ही नुसती कामाची पद्धत वाटत होती.

२४ एप्रिल, रविवार

झालं! आठशे चाळीस ग्रॅम. पत्रा आणखी पातळ करून ताठपणासाठी त्याला आतून पन्हळी दिल्या, वरची पाती एकाआड एक काढली, मूठ अरुंद केली. आजवर इतकी हलकी मशाल आपण बघितली नाही असं पेन्सिल म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनी मान्यता दिली. उद्यापासून साडेसहाशे.

बाईने सकाळी चालून दाखवली. नऊ मिनिटं. टाकीपाशी थांबली, परत येताना बेकरीच्या फाटकापाशी थांबली. पण हात खाली घेतला नाही. दोन्ही वेळा उभी राहिली तेव्हाही वरच.

"कशी आहे?"

"आता बरोबर. आता काही करू नका हिला."

मी तिला गल्लीतच मिठी मारली. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. तिच्या पाठीची हाडं हाताला लागली. म्हटलं, डाएटचं खूळ पुरे आता.

९ मे, सोमवार

दोनशे दहा झाल्या. लिहायला वेळ नाही.

१५ मे, रविवार

मंगळवारी बाई न्हाणीत पडली. दवाखान्यात नेली. लेकीने ओळखीच्या डॉक्टरला नावाने हाक मारली, आणि तिथल्या नर्सने बाईला विचारलं, "आज गुरुवारच्या आधीच?" तेव्हा मला काहीतरी कळायला लागलं.

सगळ्यांना माहीत होतं. लेकीला, मेहुणीला, वेल्डरलासुद्धा. पोटात गाठ, ती पसरली होती. जानेवारीपासून. मी या वहीचं पहिलं पान लिहिलं त्याच्या चार दिवस आधी तिला कळलं होतं. ऑपरेशन होण्यातलं नव्हतं. एक आड एक गुरुवारी औषध चढवायला जायची आणि मी चष्म्याच्या नंबरावर विनोद करायचो.

लेकीवर ओरडलो. वेल्डरला म्हटलं, तीस वर्षं माझं खाऊन माझ्याशी खोटं बोललास. तो म्हणाला, "बाईंनी शपथ घातली होती." आणि रडला. मग कुणावर ओरडणार? माझ्याच घरात मी पाहुणा होतो.

बाईला विचारलं, का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही कारखान्याला कुलूप लावून माझ्या उशाशी बसला असतात. सहा महिने तो चेहरा बघायचा? त्यापेक्षा मला रविवार हवे होते. तुम्ही घड्याळ घेऊन ओरडताय, मी चालतेय. चांगले गेले की नाही रविवार?"

चांगले गेले. हेच सहन होत नाही.

२२ मे, रविवार

मशाल नेली दवाखान्यात. तिच्या नंबरची, चारशे बारा. गॅसची कुपी लावलेली, पण झडप बंद. नर्सने आधी नको म्हटलं, मग ती शाळेत बाईंच्या हाताखाली होती हे निघालं आणि दार लावून घेतलं.

बाईने ती चादरीवरून उचलली. चार बोटं वर. मी खालून धरायला गेलो तर डोळ्यांनीच नको म्हणाली. दहा मोजेपर्यंत धरली असेल.

"वजन अगदी बरोबर झालंय," म्हणाली. "तीन तारखेला तुम्ही न्या."

मी म्हटलं, तूच नेणार आहेस. ती म्हणाली, "बरं," जसं वर्गातल्या हट्टी पोरीला म्हणत असेल तसं.

५ जून, रविवार

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली.

१३ जून, सोमवार

आठ दिवसांनी कारखान्यात आलो. काटा तपासला. वेल्डर आणि पेन्सिलने मिळून उरलेल्या सगळ्या मशाली पुऱ्या केल्यात. पेन्सिलच्या दोन्ही हातांना पट्ट्या.

दुपारी लेकीने दवाखान्याची फाइल आणून दिली, विम्यासाठी लागणार म्हणून. चाळत बसलो. दर वेळी औषध चढवायच्या आधी वजन घेत. जानेवारीत एकसष्ट किलो. मग सत्तावन्न. बावन्न. सत्तेचाळीस. एप्रिलच्या शेवटी त्रेचाळीस.

मी ही वही काढली आणि शेजारी ठेवली. चौदाशे पन्नास. बाराशे साठ. अकराशे. नऊशे साठ. आठशे चाळीस.

मशाल पहिल्यापासून ठीकच असावी. वेल्डर सांगत होता, साहेब सांगत होते, ती स्वतः सांगत होती की माझ्या हातावर जाऊ नका. मी पत्रा कापत गेलो. तिची ताकद एकेक किलोने जात होती आणि मी एकेक ग्रॅम काढत तिच्या मागे धावत होतो, आणि मला वाटत होतं की मी मशाल सुधारतोय. चाळीस वर्षं दर सोमवारी काटा तपासणारा माणूस मी. घरातला तेवढा तपासला नाही.

लेक बाजूला येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आई सांगायची, दर रविवारी नवीन मशाल हातात घेतली की तिला वाटायचं, मागच्या आठवड्याएवढंच जमतंय अजून."



३ जुलै, रविवार

सकाळी दहाला मशाल गावात आली. शाळेच्या पोरी रांगेत, सगळ्यांच्या गळ्यात शिट्ट्या. माझी जागा बाजारापासून टपाल कार्यालयापर्यंत. पांढरे कपडे दिले होते, बाईच्या मापाचे मागवलेले होते ते लेकीने बदलून घेतले.

माझ्या आधी एक आजी होत्या, पंच्याऐंशी वर्षांच्या. मशाल डोक्याच्या वर धरून आल्या. त्यांच्या आधी चाकाच्या खुर्चीतला मुलगा, त्याचाही हात वर. पेन्सिल गाडीबरोबर पहिल्या दिवसापासून फिरतोय. मला म्हणाला, "काका, दरवेळी शंभर पावलांत माणसं मशाल छातीशी घेतात. या वेळी एकानेही खाली घेतलेली नाही." आजींनी ज्योत माझ्या मशालीला लावली आणि म्हणाल्या, "किती हलकी केलीय हो! ज्याने केली त्याचं भलं होवो."

मी हात वर केला तर तो जरुरीपेक्षा जास्तच वर गेला. माझ्या हातासाठी ती केलेलीच नव्हती.

पळालो नाही. बाईच्या शेवटच्या रविवारच्या चालीने चाललो. ती चाल मला पाठ आहे, घड्याळ माझ्याच हातात होतं. टाकीपाशी ती थांबली होती तेवढं अंतर झाल्यावर थांबलो. पिवळ्या टोपीतला एक स्वयंसेवक धावत आला, "काका, बरं वाटत नाही का? चला ना, मागची गाडी अडलीय." मी म्हटलं, "थांबा. इथे थांबायचं असतं." वारा होता, बाहेरची ज्योत एकदा पूर्ण गेली. लोक हळहळले. आतलीने ती लगेच पेटवली. मग पुढे, बेकरीच्या फाटकाएवढ्या अंतरावर परत थांबलो. एव्हाना शाळेच्या पोरींना काय कळलं कोण जाणे, एकीने शिट्टी वाजवली, मग सगळ्यांनी.

नऊ मिनिटं झाली. पुढच्या माणसाच्या मशालीला ज्योत लावली. माझी विझवली. तो निघून गेला, लोक त्याच्या मागे गेले, आणि रस्त्यात मी आणि लेक दोघंच उरलो.

४ जुलै, सोमवार

कारखाना उघडला. लेथवरचा बल्ब बदलला.

पितळेचं वजन ठेवलं. बरोबर एक किलो. ते काढून चारशे बारा नंबरची मशाल ठेवली. सातशे पंच्याण्णव. पंचेचाळीस ग्रॅम जळले, म्हणजे बरोबर नऊ मिनिटं. काटा ठीक आहे.

मग ती काट्यावरून उचलली. वेल्डर दारात उभा होता, त्याने विचारलं, "कशी आहे?"

जड आहे, म्हटलं.